कंदील आणि अंधार: कॅराव्हॅज्जोच्या एका चित्राची तैलरंगात नक्कल

जलरंगात बरीच वर्षं काम केल्यावर मला तैलरंग शिकायचे होते. बाटली, फळं, पांढरा रुमाल अशा मांडणीपासून सुरुवात होईल असं मी धरून चालले होते. सरांनी पुढ्यात ठेवलं ते कॅराव्हॅज्जो या इटालियन चित्रकाराचं ‘द टेकिंग ऑफ ख्राइस्ट’, म्हणजे येशूची अटक. “याची नक्कल कर. सगळी कर, आणि घाई करू नकोस,” एवढंच म्हणाले. त्यात जवळजवळ पाच महिने गेले आणि दोन कॅनव्हास लागले. काय चुकलं, का चुकलं आणि कशाने सुटलं, ते रोजच्या नोंदवहीवरून इथे मांडते आहे. नवशिक्याने बरोक, म्हणजे सतराव्या शतकातल्या नाट्यमय शैलीच्या, एवढ्या मोठ्या चित्राला हात घालावा का, यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. माझं मत, जरूर घालावा. मात्र लोक सांगतात की त्यातून उजेड रंगवायला शिकता येतं. माझे महिने गेले ते अंधार शिकण्यात.

चित्र कोणतं

गेथशेमाने बागेतली रात्र. येशूला दगा देणाऱ्या यहूदा या शिष्याने शिपायांना खूण सांगून ठेवली आहे, की मी ज्याचं चुंबन घेईन तोच तो. चित्रात तो क्षण नुकताच घडतो आहे आणि शिपायाचा चिलखत घातलेला हात येशूपर्यंत पोचलाही आहे. डाव्या कडेला एक शिष्य तोंड उघडून, हात वर करून चित्राबाहेर पळतो आहे. बहुतेक जण त्याला योहान मानतात. त्याचं लाल वस्त्र मागे उडून येशू आणि यहूदाच्या डोक्यांवर कमान धरतं. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात अंगावरचं वस्त्र टाकून पळालेला एक तरुण येतो, त्याचीही इथे आठवण होते. उजवीकडे एक माणूस कंदील उंच धरून, मान पुढे काढून बघतो आहे. तो चेहरा खुद्द चित्रकाराचा आहे असं मानलं जातं. एकूण सात माणसं, त्यातला एक शिपाई तर जेमतेम दिसतो. सगळी एकमेकांत इतकी दाटलेली की मध्ये हवा शिरायला जागा नाही. या झटापटीत येशू काहीच करत नाही. बोटं एकमेकांत गुंफून हात खाली सोडलेले, भुवयांच्या मध्ये आठी, नजर खाली. मला या चित्राने धरून ठेवलं ते त्या हातांनी.

चित्र १६०२ सालचं. रोममधल्या चिरियाको मात्तेई या सरदारासाठी ते काढलं आणि जानेवारी १६०३ मध्ये त्याच्या हिशेबवहीत १२५ स्कुदी (तेव्हाची रोममधली नाणी) दिल्याची नोंद झाली. पुढे त्याच्या कर्त्याचं नावच हरवलं. १८०२ मध्ये मात्तेई घराण्याकडून ते विकलं गेलं तेव्हा होन्थोर्स्ट या डच चित्रकाराचं म्हणून विकलं गेलं. १९९० मध्ये सर्जिओ बेनेडेटी या जुनी चित्रं जतन-दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला ते डब्लिनमधल्या जेझुइट धर्मगुरूंच्या निवासात दिसलं, आणि १९९३ पासून ते नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडमध्ये आहे. या चित्राच्या जुन्या नकला बऱ्याच आहेत. त्यातली ओडेसाच्या संग्रहालयातली प्रत २००८ मध्ये चोरीला गेली आणि २०१० मध्ये जर्मनीत सापडली. म्हणजे मी करायला बसले होते ते काम चारशे वर्षांत पुष्कळांनी करून झालं होतं. मला त्याने धीर आला.

मूळ कॅनव्हास १३३.५ × १६९.५ सेंमीचा. मी ६३ × ८० सेंमीचा घेतला, म्हणजे प्रमाण तेच राहिलं आणि प्रत्येक गोष्ट निम्म्याहून किंचित लहान झाली. फार लहान कॅनव्हास घेतला असता तर हातांची बोटं काडीएवढी झाली असती आणि त्यांतून काही शिकायलाच मिळालं नसतं.

पहिला कॅनव्हास वाया गेला

पांढऱ्या कॅनव्हासवर दहा-दहा सेंमीच्या चौकटी आखल्या, पेन्सिलीने सात जणांच्या बाह्यरेषा काढल्या आणि पार्श्वभूमी काळी आहे म्हणून सरळ आयव्हरी ब्लॅक जवसाच्या तेलात मिसळून भरत गेले. मग माणसं रंगवायची, असा बेत. जलरंगात पांढरा कागद हाच उजेड असतो. तो राखून ठेवायचा आणि गडद छटा शेवटी द्यायच्या, ही सवय हातात इतकी मुरलेली होती की मी काळ्याने माणसांच्या भोवती कुंपण घालते आहे हे लक्षातही आलं नाही. पाचव्या आठवड्यात कॅनव्हास दूर ठेवून पाहिला. सात जण कात्रीने कापून काळ्या कापडावर चिकटवल्यासारखे दिसत होते.

दोन आठवडे झाले तरी तो काळा बोटाला लागत होता. तो थंड आणि राखाडी वाटतो म्हणून त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाचा हात फिरवला. अंबर दुसऱ्या दिवशी सुकला. तेव्हा बरं वाटलं. तीन महिन्यांनी त्या जागी केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या दिसल्या.

त्याचं कारण समजून घ्यायला हवं, कारण इथेच तैलरंग जलरंगापासून पूर्ण वेगळा पडतो. पाणी उडून जातं. जवसाचं तेल उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. किती हळू, ते रंगद्रव्यावर अवलंबून. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्याने सुकणं वेगावतं. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश सुकतो आणि तेलही जास्त पितो. मी खाली तेलकट, सावकाश सुकणारा थर ठेवला आणि वर कोरडा, झटपट सुकणारा. वरचा घट्ट झाल्यावरही खालचा हलत राहिला, आणि वरचा फाटला. ‘खालचे थर कोरडे, वरचे तेलकट’ हा नियम मला तोंडपाठ होता. हातात तो यायला तो कॅनव्हास खर्ची पडावा लागला.

आणखी एक चूक संदर्भाची. मी टॅबलेटवर चित्र लावून काम करत होते. पडदा मागून उजळलेला असतो, त्यामुळे त्यातला अंधारही चमकतो आणि चेहऱ्यांचा उजेड रंगांना कधीच गाठता येत नाही. त्याला गाठायला मी पांढरा वाढवत गेले आणि चेहरे खडूसारखे झाले. दुसऱ्या वेळी छापील प्रत समोर लावली आणि इझलवर पडतो तोच उजेड तिच्यावर पडेल अशी ठेवली. पडदा फक्त बारकावे मोठे करून बघायला वापरला.

पुन्हा सुरुवात, तपकिरीपासून

कॅराव्हॅज्जोच्या हातची स्वतंत्र रेखाटनं आजवर मिळालेली नाहीत. त्याच्या चित्रांत गडद अस्तरात, म्हणजे कॅनव्हासवरच्या पहिल्या सपाट थरात, टोकदार वस्तूने ओढलेल्या थोड्या खुणा आढळतात. डोकं इथे, खांदा इथे, एवढ्याच जागा त्या सांगतात. सरांनी तेच करायला लावलं. रॉ अंबर आणि लाल गेरू टर्पेंटाइनने पातळ करून पूर्ण कॅनव्हासवर मध्यम गडद तपकिरी अस्तर दिलं. ते नीट सुकल्यावर त्यावर पातळ अंबरचा ओला हात मारला आणि ब्रशच्या दांडीच्या टोकाने फक्त सात जागा कोरल्या: येशूचा भांग, गुंफलेल्या हातांचा खालचा कोपरा, कंदिलाची कडी वगैरे. मग जिथे उजेड आहे तिथून कापडाने तो ओला अंबर पुसत गेले.

त्या एका दुपारी मला पहिल्यांदा हे चित्र कळलं. पुसलेल्या जागेतून चेहरे वर येत होते, आणि न पुसलेली जागा आपोआप रात्र झाली होती. वेगळी पार्श्वभूमी रंगवायचीच नव्हती. येशूचे केस कुठे संपतात आणि अंधार कुठे सुरू होतो, हे मूळ चित्रातही बोट ठेवून सांगता येत नाही. पहिल्या कॅनव्हासवर मी तिथे स्वच्छ रेघ मारली होती. मूळ चित्रकार सावलीकडच्या कडांना पुष्कळदा अस्तरच उघडं ठेवतो. अर्धछटेचं काम ते तपकिरी करतं आणि वरच्या रंगांना एकत्र बांधूनही ठेवतं.

अंधारात किती रंग असतात ते मग मोजायला लागले. शिपायांच्या मागचा अंधार थंड आहे, योहानच्या वस्त्राखालचा तांबूस, यहूदाच्या बाहीखालचा पिवळसर तपकिरी. नुसत्या आयव्हरी ब्लॅकचा ठिपका दुसऱ्या कॅनव्हासवर शोधून सापडणार नाही. जिथे सगळ्यात गडद हवं होतं तिथे काळ्यात बर्न्ट अंबर आणि कणभर अलिझरिन हा गडद लाल घातला आहे.

कंदील

या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती रंगाची नव्हतीच.

सातव्या आठवड्यात मी चेहऱ्यांकडे वळले. शिपायांच्या शिरस्त्राणांच्या उजव्या कडा उजळल्या, यहूदाच्या मानेवर मागून उजेडाची एक छान पट्टी दिली. सगळं मनासारखं जमत होतं आणि तरी चित्र बिघडत होतं. यहूदाचं डोकं येशूपासून सुटून पुढे येत होतं. चुंबन राहिलं नव्हतं, दोन डोकी शेजारी होती. मी चार बैठका नाकाची रेघ दुरुस्त करण्यात घालवल्या. दोष नाकात आहे असं वाटत होतं.

सर आले, जरा वेळ उभे राहिले आणि छापील प्रतीवरच्या कंदिलावर अंगठा ठेवला.

“आता सांग, उजेड कुठून येतो?”

मी म्हटलं, “कंदिलातून.”

“तो मी झाकलाय. तरी चेहरे दिसतायत ना?”

मग दिसलं. उजेड डावीकडून, वरून, चित्राच्या चौकटीबाहेरून येतो. येशूचं कपाळ, गुंफलेले हात, यहूदाची गालफडं, शिपायाच्या बाहीवरचं पोलाद, सगळं त्या उजेडात आहे. कंदिलाचा प्रकाश फार तर तो धरणाऱ्याच्या हाताच्या आणि चेहऱ्याच्या आसपास घुटमळतो. यहूदाच्या मानेमागे मूळ चित्रात सावली आहे. मी दोन महिने रोज ती सावली बघत होते आणि रोज तिच्या जागी उजेड रंगवत होते, कारण रात्र आहे, कंदील आहे, म्हणजे उजेड कंदिलाचाच असणार हे माझ्या डोक्याने आधीच ठरवून टाकलं होतं.

यहूदाची मान पुसली. ती पट्टी अर्धवट सुकली होती, पॅलेट नाइफने खरवडावी लागली. तिथे अंबरचा पातळ थर परत दिला आणि नाकाला हात न लावता डोकं आपल्या जागी परत गेलं. चार बैठकांत जे जमलं नाही ते वीस मिनिटांत झालं.

चित्रकाराने स्वतःच्या हातात असा कंदील का दिला असेल, याचा मी त्यानंतर खूप विचार केला. मला वाटतं, तो बघायला आला आहे. त्याच्या हातातल्या उजेडाने त्या घटनेत काही फरक पडत नाही; जो उजेड येशूवर पडतो आहे तो त्याच्या हातातला नाही. हे माझं वाचन आहे, कला-इतिहासाचा निष्कर्ष नव्हे. पण त्यानंतर तो चेहरा रंगवताना माझा ब्रश हळू चालला एवढं खरं.

हात, पोलाद, लाल कापड

गुंफलेल्या हातांवर नऊ बैठका गेल्या. माझ्या कॅनव्हासवर ते हात जेमतेम तळव्याएवढे होते. मी एकेक बोट सुटं रंगवत होते आणि प्रत्येक बोट ठीक असूनही एकत्र ती मुळ्यांची जुडी दिसत होती. “बोटं मोजू नकोस, सावल्या मोज,” सर म्हणाले. मोजल्या. दोन हातांत मिळून ठळक सावल्या थोड्याच निघाल्या. एक मनगटाखालची, मोठी. बाकीच्या बोटांच्या फटींतल्या, आणि त्यातल्याही दोन आपसांत मिळून जाणाऱ्या. त्या सावल्या आधी एका सपाट तपकिरी-लालसर छटेत ठेवल्या. वर उजेडाचा एकच सलग पट्टा दिला आणि सांधे शेवटी, ओल्या रंगातच, टोकदार ब्रशने. बोटं मग आपोआप वेगळी झाली.

त्वचेसाठी टायटॅनियम व्हाइट वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कॅराव्हॅज्जोकडे शिशाचा पांढरा होता, जो उबदार आणि थोडा पारदर्शी असतो. टायटॅनियम विसाव्या शतकातला. थंड, अपारदर्शक आणि मिश्रणात दांडगाई करणारा. तो चिमूटभर कमी घेऊन, त्यात आधीच यलो ओकर मिसळून ठेवला तर चेहऱ्यांवरचं पीठ जातं. शिसं विषारी असल्याने मी शिशाच्या पांढऱ्याच्या वाटेला गेले नाही.

मधल्या शिपायाची चिलखती बाही सगळ्यांना अवघड वाटते, मला ती सोपी गेली. पोलाद म्हणजे जवळजवळ काळं, त्यावर अरुंद, कडक कडेची पांढरी रेघ आणि त्या दोहोंच्या मध्ये शेजारच्या लाल-तपकिरीचं मंद प्रतिबिंब. ते प्रतिबिंब विसरलं की पोलाद प्लास्टिक होतं. चमक देण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. मी अकरा चमका दिल्या होत्या, छापील प्रत शेजारी ठेवून त्यातल्या सहा परत मिटवल्या.

योहानचं लाल वस्त्र दोन टप्प्यांत झालं. आधी अपारदर्शक लालमध्ये घड्या घडवल्या, हव्या होत्या त्याहून फिकट आणि थोड्या भडक. ते पूर्ण सुकल्यावर अलिझरिन तेलात मिसळून पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर. उजेड ग्लेझमधून जाऊन खालच्या लालवर आपटून परत येतो, म्हणून तो लाल आतून पेटल्यासारखा दिसतो. पॅलेटवर मिसळून तो रंग मिळत नाही. मी पुष्कळ मिसळून पाहिला.

अंबरच्या जागा सुकल्यावर फिक्या आणि कोरड्या पडत, रात्रीचं काम सकाळी राखेसारखं दिसे. तेल खालच्या थराने शोषल्यावर असं होतं. अशा वेळी छटा बदललीच नाही हे माहीत नसलं की माणूस त्यावर उगाच अजून गडद रंग चढवत जातो. मी एकदा तसं केलं, आणि येशूच्या निळ्या अंगवस्त्राची खालची घडी कायमची बुडाली. उपाय साधा आहे: काम सुरू करताना त्या जागेवर तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा, जादा तेल सुती कापडाने टिपून घ्यायचं, मग खरी छटा दिसते. आणि जवसाचं तेल लागलेली कापडं गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. ती सुकताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून ठेवायची.

काय साधलं, काय नाही

शेवटच्या आठवड्यात मूळ चित्राचे आणि माझ्या नकलेचे कृष्णधवल फोटो शेजारी लावून पाहिले. गडद-उजळाचा सांगाडा बऱ्यापैकी जुळला. चेहऱ्यांत कमी पडले. योहानचं उघडं तोंड ओरडत नाही, जांभई देतं. माझा येशू मुळातल्यापेक्षा जास्त दुःखी आहे. खालच्या पापण्या मी किंचित ओढल्या आणि तिथे करुणा आली, जी मूळ चित्रात इतकी उघड नाही. तिथे आहे ती शांत कबुली. ती फरकाची रेघ ब्रशच्या दोन केसांएवढी असेल, ती मला सापडली नाही.

त्यानंतर लगेच मी बहिणीचं एक चित्र केलं, संध्याकाळी खिडकीजवळ बसलेली. पांढऱ्या कॅनव्हाससमोर हात आपोआप अंबरकडे गेला. आधी खोलीचा अंधार मांडला, त्यातून कपाळ आणि एक हात कापडाने पुसून काढला आणि उजेड नक्की कुठून येतो हे बोटाने हवेत दाखवून मगच ब्रश उचलला. तीन बैठकांत ते जिथे पोचलं तिथे पूर्वी मी कधी पोचले नव्हते.

यहूदाच्या कानाबद्दल सांगायचं राहिलं. डब्लिनच्या चित्रात त्या कानाची जागा चित्रकाराने काम करता करता बदलल्याची खूण आहे. अशा खुणा मूळ चित्र ओळखायला मदत करतात, कारण नक्कल करणाऱ्याला शेवटचा कानच दिसतो, आधीचा खोडलेला कान त्याला रंगवायचं कारणच नसतं. माझ्या कॅनव्हासवरही यहूदाचा कान एकदा हलला आहे. मी चौकट चुकीची मोजली होती, तो जवळजवळ अर्धा सेंमी खाली आला होता. तिरप्या उजेडात जुन्या कानाची कड अजून दिसते. खरवडून सपाट करता आली असती, पण तशीच ठेवली.

चित्राला वार्निश अजून दिलेलं नाही. पातळ थरांना सहा महिने, जाडसर जागांना वर्ष थांबेन. लूव्रमध्ये नक्कल करणाऱ्यांना मूळ मापात चित्र काढू देत नाहीत आणि मूळ चित्रकाराची सही उतरवू देत नाहीत. सहीचा प्रश्न इथे नव्हताच, कॅराव्हॅज्जोची सही असलेलं चित्र एकच माहीत आहे, ते माल्टात आहे. मी कॅनव्हासच्या मागे लिहिलं: कॅराव्हॅज्जोच्या १६०२ च्या चित्रावरून नक्कल, ६३ × ८० सेंमी. खाली वापरलेल्या रंगांची नावं आणि कोणता थर कधी दिला त्याच्या तारखा. भेगा पडलेला पहिला कॅनव्हास त्याच्याच शेजारी भिंतीला टेकवून ठेवला आहे. तैलरंग शिकायला येणाऱ्या पुढच्या मुलीला सर आधी तोच दाखवणार आहेत.